हप्त्याचा टीव्ही आणि दूरची बही



पूर्वी सावकाराच्या घरी एक लाल बही असे. तिच्यात आपल्या आजोबा-पणजोबांची नावे असत. किती पैसे नेले, किती फेडले, किती राहिले, ते सारे त्या बहीत लिहिलेले असे. आजोबा अंगठा करीत. परंतु बहीत काय लिहिले आहे, ते त्यांना वाचता येत नसे. सावकार सांगेल तेच खरे. फेडलेले पैसे लिहिले गेले की नाही, हे कळायलाही मार्ग नसे.

आज आपण वाचायला शिकत आहोत. अंगठ्याच्या जागी सही करीत आहोत. पण आजही आपल्या नावाची एक बही आहे, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांनी कधी पाहिलेली नाही. ती आपल्या कुडव्यात नाही. गोंदियाच्या बाजारातही नाही. ती दूर मुंबईच्या कंपन्यांच्या संगणकात असते. तिला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात. आपण तिला पत-अहवाल म्हणू. गावात लोक तिला सरळ 'सिबिल' म्हणतात.

आपण टीव्ही, फ्रीज, मोबाइल हप्त्यावर आणतो. कोणी हप्ता म्हणतो, कोणी किस्त म्हणतो. त्या किस्तीची नोंद या बहीत होते. ती कशी होते, ती कशी वाचायची, आणि चुकली तर काय करायचे, ते आज आपण पाहू.

एका घरची गोष्ट

अशी गोष्ट कितीतरी घरांत घडते. म्हणून नाव-गाव सांगत नाही.

एक शेतकरी भाऊ होते. तीन एकर धानाची शेती. त्या वर्षी धान बरे झाले होते. दिवाळी आली. दिवाळीनंतर गावची मंडई. मंडईला लेकी-जावई येणार, पाहुणे येणार. घरात नवा टीव्ही हवा, असे पोरांनी धरून बसले. भाऊ गोंदियाला दुकानात गेले. टीव्हीची किंमत चोवीस हजार रुपये.

दुकानात टेबलाशी एक मुलगा बसला होता. तो म्हणाला, "काकाजी, चार हजार आत्ता भरा. बाकीचे वीस हजार दहा महिन्यांत. महिन्याला फक्त दोन हजार. व्याज काहीच नाही."

भाऊंनी आधार दिले, पॅन दिले, बँकेचे पासबुक दिले. मुलाने मोबाइलवर फोटो काढला. फोनवर आकडे आले, ते भाऊंनी वाचून दाखवले. दोन-तीन ठिकाणी सह्या झाल्या. अर्ध्या तासात टीव्ही ऑटोत बसला.

डिसेंबरच्या ५ तारखेपासून हप्ते सुरू झाले. जूनपर्यंत सात हप्ते बँकेतून आपोआप कापले गेले. मग जुलै उजाडला. रोवणीचे दिवस. मजुरी द्यायची, खत आणायचे. खात्यात पैसा राहिला नाही. जुलैचा हप्ता गेला नाही. ऑगस्टचा गेला नाही. सप्टेंबरचाही गेला नाही. तीन हप्ते म्हणजे सहा हजार राहिले. वर हप्ता चुकल्याचा दंड.

ऑक्टोबरच्या शेवटी वसुलीचा माणूस आला. म्हणाला, "काकाजी, चार हजार देऊन टाका. मामला मिटवून टाकू." भाऊंनी उसने करून चार हजार दिले. पावती घेतली. डोक्यावरचे ओझे उतरले, असे त्यांना वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात लेक बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. भाऊ शिक्षणकर्जासाठी बँकेत गेले. शिक्षणकर्जात बहुधा आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणून बँकेने भाऊंचे नाव तपासले. साहेब म्हणाले, "काकाजी, तुमच्या सिबिलमध्ये एक खाते सेटल दिसते आहे. त्याआधी हप्तेही थकलेले आहेत."

भाऊ म्हणाले, "साहेब, मी बँकेचे एक पैसाही कर्ज घेतले नाही. टीव्हीचे थोडे दुकानदाराला द्यायचे होते, तेही मिटवले."

भाऊ खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. गोष्टीतली पहिली चूक इथेच आहे.

दुकानाची उधारी की कंपनीचे कर्ज?

आपण किराणा दुकानातून तेल-मीठ उधार आणतो. दुकानदार वहीत लिहितो. ती उधारी आपली आणि त्याची. तिची नोंद पत-अहवालात होत नाही. भिशीचे पैसे, नातेवाइकाकडून घेतलेले उसने, हेही तिथे येत नाही.

हप्त्याचा टीव्ही मात्र तसा नाही. तिथे दुकानदाराला त्याचे पैसे लगेच मिळतात. ते देते एक कर्ज देणारी कंपनी किंवा बँक. दुकानात टेबलाशी बसलेला तो मुलगा तिच्यासाठी काम करीत असतो. आपण सही करतो ती कर्जाच्या करारावर. म्हणजे टीव्ही आला दुकानातून, पण देणे झाले कंपनीचे. म्हणूनच पत-अहवालात दुकानाचे नाव दिसत नाही. तिथे कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव दिसते. पुष्कळांना ते नाव ओळखीचेही वाटत नाही. 'हे कर्ज माझे नव्हेच', असे ते म्हणतात. मग जुनी पावती काढून पाहिली की उलगडा होतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. टीव्ही बिघडला म्हणून आपण दुकानदाराशी भांडलो आणि हप्ता थांबवला, तर कंपनीच्या दृष्टीने कर्जच थकले. वस्तू दुकानात परत केली, तरी कर्ज आपोआप रद्द होत नाही. दुकानदाराने कंपनीला पैसे परत केले पाहिजेत आणि कंपनीने खाते बंद केले पाहिजे. तसे लेखी मिळेपर्यंत निर्धास्त राहू नये.

आणि ते 'व्याज काहीच नाही'? पैसा फुकट कोणी वापरायला देत नाही. व्याज कधी वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते, कधी आधी घेतलेल्या फीत असते, कधी दुकानदार किंवा माल बनवणारा कारखाना ते सोसतो. शून्य टक्के व्याज ही खरी गोष्ट नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितले आहे. रोखीने घेतला तर टीव्ही कितीला द्याल, हे आधी विचारावे. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पहावे.

हप्त्याची विक्री काही नवी नाही. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या काही वर्षांतच शिवणयंत्रे हप्त्यावर विकायला सुरुवात केली होती. पुढे तिथे लोकांच्या देण्याघेण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या वाढल्या. त्या नोंदी लोकांना पाहता याव्यात आणि दुरुस्त करता याव्यात, म्हणून तिथे १९७० साली कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा २००५ साली झाला.

ही बही ठेवतो कोण?

आपल्या देशात २००० साली सिबिल नावाची कंपनी निघाली. वनस्पती तुपाला लोक जसे डालडाच म्हणत, तसे लोक पत-अहवालाला सिबिल म्हणू लागले. परंतु आज अशा कंपन्या एक नव्हे, चार आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे.

या कंपन्या कर्ज देत नाहीत. त्या फक्त नोंद ठेवतात. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या त्यांना कळवतात की अमुक माणसाने इतके कर्ज घेतले, इतके फेडले. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला, किंवा त्याहूनही लवकर, पाठवण्याचा नियम झाला. छोट्या कर्जकंपन्या गटातल्या बहिणींना जी कर्जे देतात, त्यांचीही नोंद इथे होते.

मग दुसऱ्या कोणत्या बँकेकडे आपण कर्ज मागितले की ती बँक यांच्याकडून आपली बही मागवते. गोंदियात चुकलेला हप्ता नागपूरच्या बँकेला दिसतो, तो असा.

बहीत काय लिहिलेले असते?

हा अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. म्हणून त्यातले शब्द जसे बोलतात तसेच इथे देतो. कोणा शिकलेल्या पोराला जवळ बसवा आणि एक एक शब्द ओळखा.

सुरुवातीला आपले नाव, जन्मतारीख, पॅन नंबर, पत्ता आणि फोन असतो. नाव आणि पॅन नीट पहा. सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे कर्ज आपल्या बहीत शिरण्याची चूक कधी कधी होते.

त्यापुढे एक एक खाते असते. हप्त्यावर घेतलेल्या घरगुती वस्तूचे खाते बहुधा 'कन्झ्युमर लोन' या नावाने लिहिलेले असते. लोन म्हणजे कर्ज. दरेक वस्तूचे कर्ज वेगळे घेतले असेल, तर खातेही वेगळे असते. टीव्हीचे एक, मोबाइलचे एक, फ्रीजचे एक. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घेतले असतील, तर मात्र वेगळे खाते दिसत नाही. ती रक्कम कार्डाच्याच खात्यात मोडते.

खात्याच्या आत या गोष्टी पहाव्या. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव. खाते उघडल्याची तारीख. मंजूर रक्कम, म्हणजे किती कर्ज दिले. भाऊंच्या गोष्टीत टीव्ही चोवीस हजारांचा होता, पण इथे वीस हजारच दिसतील. कारण चार हजार त्यांनी रोख दिले होते. पुढे 'करंट बॅलन्स', म्हणजे अजून किती फेडायचे आहे. त्याच्याजवळ 'अमाउंट ओव्हरड्यू', म्हणजे तारीख टळून गेलेली रक्कम किती. या दोन आकड्यांत गोंधळ करू नये. बॅलन्स असणे हा दोष नव्हे. हप्ते चालू आहेत तोवर बॅलन्स राहणारच. ओव्हरड्यू मात्र शून्य असला पाहिजे.

मग शेवटचा हप्ता कधी भरला ती तारीख, खाते बंद झाले असेल तर ती तारीख, आणि संस्थेने ही माहिती कोणत्या तारखेला कळवली तेही लिहिलेले असते. काल भरलेला हप्ता आज दिसला नाही, तर घाबरू नये. कळवल्याची तारीख पहावी.

खाते कोणाचे, हेही लिहिलेले असते. एकट्याचे, दोघांचे मिळून, की आपण जामीन आहोत. जामीन राहिलेले कर्जही आपल्या बहीत येते, हे विसरू नये.

महिन्या-महिन्याच्या चौकटी

खात्याच्या खाली छोट्या छोट्या चौकटी असतात. एका महिन्याची एक चौकट. गेल्या तीन वर्षांच्या म्हणजे ३६ महिन्यांच्या चौकटी तिथे दिसतात. शाळेच्या हजेरीपटासारखेच हे आहे. पोरगा शाळेत आला की नाही, ते जसे हजेरीपटावर दिसते, तसा हप्ता वेळेवर आला की नाही, ते या चौकटींत दिसते.

चौकटीत तीन शून्ये असली, म्हणजे ०००, तर हप्ता वेळेवर आला. काही ठिकाणी 'एसटीडी' अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थही खाते ठीक आहे असाच. 'एक्स एक्स एक्स' असेल, तर त्या महिन्याची माहिती संस्थेने कळवलीच नाही, असे समजावे. तो आपला दोष नव्हे.

चौकटीत दुसरा आकडा असला, तर तितके दिवस हप्ता थकलेला आहे. भाऊंच्या चौकटी आपण भरून पाहू. त्यांचा ५ जुलैचा हप्ता गेला नाही. ३१ जुलैला त्याला २६ दिवस झाले. चौकटीत ०२६. ऑगस्टच्या अखेरीस ०५७. सप्टेंबरच्या अखेरीस ०८७. पहा, मोजणी सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून चालते. जुना हप्ता तसाच राहिला, तर आकडा वाढतच जातो.

साधारणपणे ९० दिवस उलटले की खाते वाईट कर्जात धरले जाते. म्हणून भाऊंनी सप्टेंबरात, ९० दिवसांच्या आत, जुलैचा एक हप्ता जरी भरला असता, तरी गोष्ट इतकी बिघडली नसती. सारे तीन हप्ते भरता येत नाहीत म्हणून एकही न भरणे, ही दुसरी चूक.

बंद झाले आणि मिटवले यांत फरक

आता तिसरी चूक पहा. तीच सर्वांत महाग पडली.

पूर्ण पैसे फेडले, म्हणजे खात्यापुढे 'क्लोज्ड' असे येते. खाते बंद. ही मानाची गोष्ट. परंतु संस्थेने कमी पैसे घेऊन बाकी सोडून दिले, म्हणजे 'सेटल्ड' असे येते. बोलताना आपण दोन्हींना 'मिटले' असेच म्हणतो. बहीत मात्र हे दोन शब्द वेगळे आहेत. सेटल्ड याचा अर्थ असा, की या माणसाने सगळे पैसे दिले नाहीत. तिसरा शब्द 'रिटन ऑफ'. संस्थेने ते कर्ज बुडाले असे मानून आपल्या हिशेबातून काढले. त्याने देणे माफ झाले, असे नव्हे.

भाऊंनी दोन हजार रुपये आणि दंड वाचवला. त्यापायी लेकीचे शिक्षणकर्ज अडले.

म्हणून वसुलीचा माणूस 'मिटवून टाका' म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा. "भाऊ, खाते क्लोज्ड दिसेल की सेटल्ड? ते मला लिहून द्या." पैसे शक्यतो कंपनीच्या खात्यातच भरावे. सारे हप्ते फिटले की 'नो ड्यूज' पत्र, म्हणजे काही बाकी नाही असे पत्र, मागून घ्यावे. ते रेशनकार्डाजवळ ठेवावे. पत्र मिळाले, तरी महिना-दीड महिन्याने बही उघडून खाते बंद झाले की नाही ते पहावे.

गुण किती?

या सगळ्या नोंदींवरून एक आकडा काढतात. त्याला स्कोअर म्हणतात. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो. आकडा मोठा तितकी पत चांगली. हप्ते वेळेवर भरले की तो हळूहळू चढतो. हप्ता चुकला की झटकन उतरतो. खाटेवर चढायला वेळ लागतो, पडायला लागत नाही, तसेच हे.

ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याचा स्कोअर निघत नाही. ते वाईट नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. उलट, एखादी छोटी वस्तू हप्त्यावर घेतली आणि सगळे हप्ते तारखेला भरले, तर त्या ००० च्या चौकटी पुढे आपल्या बाजूने बोलतात. हप्ता हा काही शत्रू नाही. न मोजता घेतलेला हप्ता हा शत्रू.

अहवालाच्या शेवटी 'एन्क्वायरी' असा भाग असतो. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती कर्जासाठी आपली बही पाहिली, ते तिथे असते. दुकानात कधी कधी आपला एकच अर्ज दोन-तीन कंपन्यांकडे धाडतात. मग तितक्या वेळा नोंद होते. थोड्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी कर्ज मागितलेले दिसले, तर बँकेला शंका येते. आपण स्वतः आपली बही पाहिली, तर मात्र गुण कमी होत नाहीत.

पीककर्जाचे काय, असे तुम्ही विचाराल. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे महाराष्ट्र शासनाने बँकांना वेळोवेळी, २०२५ सालीही, बजावले आहे. परंतु ट्रॅक्टर, घर, धंदा, शिक्षण यांच्या कर्जाला ही बही पाहिली जाते. म्हणून ती स्वच्छ ठेवलेली बरी.

दुसऱ्यासाठी आपले नाव देऊ नका

आपल्याकडे माणुसकी फार. शेजारी म्हणतो, "काकाजी, माझे कागद चालत नाहीत. तुमच्या नावावर मोबाइल घेऊन द्या. किस्त मी भरीन." आपण भिडेपोटी हो म्हणतो. दोन महिने तो भरतो. मग कामाला परगावी निघून जातो.

बही ज्याच्या नावाची, त्याचेच देणे. मोबाइल कोणाच्या खिशात आहे, हे बही विचारीत नाही. म्हणून आधार, पॅन आणि फोनवर येणारा आकडा, म्हणजे ओटीपी, हे तिजोरीच्या किल्लीसारखे समजा. मदत करायची असेल, तर जमतील तेवढे रोख पैसे द्या. नाव देऊ नका.

बही कशी पहावी? चूक कशी सुधारावी?

आपली बही पाहणे हा आपला हक्क आहे. दर वर्षी प्रत्येक कंपनीने आपल्याला एक पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. हा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षात चार अहवाल फुकट. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नाव, जन्मतारीख, पॅन आणि फोन नंबर भरावा लागतो. ओटीपी आपल्याच फोनवर येतो. घरातल्या पोराकडून किंवा लेकीकडून हे करून घ्यावे. 'पैसे द्या, मी सिबिल वाढवून देतो', असे कोणी म्हटले तर त्याच्या नादी लागू नये. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत.

चूक दिसली, तर दोन ठिकाणी तक्रार करता येते. ज्या संस्थेने माहिती कळवली तिच्याकडे, किंवा नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. सोबत पावत्या आणि नो ड्यूज पत्र जोडा. ३० दिवसांत तक्रार निकालात निघाली पाहिजे. नाही निघाली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने तो २०२३ च्या ऑक्टोबरात काढला आणि २०२४ च्या एप्रिलपासून लागू केला. तरीही कोणी ऐकले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. १४४४८ या नंबरावर फोन करून माहिती विचारता येते.

भाऊंच्या लेकीने हेच केले. तिने अहवाल काढला आणि बापाला एक एक ओळ वाचून दाखवली. नोंद खोटी नव्हती. खरोखरच पैसे राहिले होते. मग भाऊंनी कंपनीला अर्ज लिहिला, राहिलेले दोन हजार आणि दंड भरला, नो ड्यूज पत्र घेतले, आणि खाते बंद झाल्याचे कळवा असे लेखी मागितले. त्यात दीड महिना गेला. कॉलेजची पहिली फी मावशीकडून उसने आणून भरावी लागली. पुढे बँकेने अर्ज पुन्हा हाती घेतला. तीन महिन्यांच्या त्या चौकटी मात्र तशाच राहिल्या. खऱ्या नोंदी या कंपन्या किमान सात वर्षे जपून ठेवतात.

धानाचा पैसा आणि महिन्याचा हप्ता

आता मुळाशी येऊ. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता झेपतो. आपला पैसा धानाबरोबर येतो. धान केंद्रावर दिले, तरी पैसे खात्यात यायला कधी कधी वेळ लागतो. कंपनीचा हप्ता मात्र रोवणी पाहत नाही आणि चुरणी पाहत नाही. दर महिन्याच्या तारखेला तो दारात उभा.

म्हणून वस्तू घेण्याआधी एका कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे घरात येणारा पैसा लिहा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकडे विशेष लक्ष द्या. त्या महिन्यांचे हप्ते जर भरता येणार नसतील, तर दोन वाटा आहेत. धान विकल्यावर त्या चार हप्त्यांचे पैसे खात्यात वेगळे ठेवून द्या आणि त्यांना हात लावू नका. नाहीतर हप्ते जूनच्या आत संपतील असे बेता. दोन्ही जमत नसेल, तर यंदा जुन्या टीव्हीवर भागवा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे शहाणपण जुने आहे, पण आजही खरे आहे.

सही करण्याआधी मुख्य माहितीचे पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला ते द्यावे लागते, आणि तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. कर्ज किती, हप्ता किती, फी किती, सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, ते त्यात असते. दुकानात घाई करतील. "मावशी, नुसती सही करा," म्हणतील. आपण म्हणावे, "थांब रे बाबा, आधी वाचू दे."

आजोबांना सावकाराची बही वाचता आली नाही. तो त्यांचा दोष नव्हता. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आपल्याला अक्षर आले आहे. आपल्या नावाची बही आपणच वाचली पाहिजे.

वाचून झाल्यावर उत्तरे द्या

१. हप्त्यावर टीव्ही घेतला, तर देणे दुकानदाराचे असते की कर्ज देणाऱ्या संस्थेचे?
२. चौकटीत ००० असेल तर त्याचा अर्थ काय? ०५७ असेल तर काय?
३. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यांत फरक कोणता?
४. वर्षातून किती अहवाल फुकट मिळतात?
५. तुमच्या घरात आज किती किस्ती चालू आहेत? प्रत्येक किस्त कोणाच्या नावावर आहे, तिची तारीख कोणती आणि किती हप्ते राहिले, ते पाटीवर लिहा.